घर विकून कर्जाची तडजोड : नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरावर बँकेचा बोजा आहे, हप्ते थकलेत, त्यात पतसंस्था आणि व्यापारातली उधारीही आहे, आणि घर विकल्याशिवाय यातून सुटका नाही हे घरात ठरलं आहे, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं. यातले बहुतेक व्यवहार भावामुळे फसत नाहीत, तारखांमुळे फसतात. बँकेची मुदत एकीकडे पळते, गिऱ्हाईकाचं कर्ज दुसरीकडे रेंगाळतं, आणि मधल्या मध्ये इसारही जातो, तडजोडही जाते. म्हणून खाली तारखा आणि क्रम यांवरच जास्त लिहिलं आहे.

सुरुवात गिऱ्हाईकापासून करायची की बँकेपासून?

बँकेपासून. कर्जखात्याचा पूर्ण उतारा लेखी मागा. मुद्दल, व्याज, दंड आणि कायदेशीर खर्च वेगवेगळे दाखवा, असं अर्जात स्पष्ट लिहा. पुष्कळांना एकच ढोबळ आकडा तोंडी सांगितला जातो आणि त्यावर सगळी गणितं मांडली जातात. पुढे वकील फी, मूल्यांकन फी आणि जाहिरात खर्च मिळून लाख-दीड लाख वर निघतात.

त्याच दिवशी एका कागदावर सगळ्या धनकोंची, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांची, यादी करा: बँक, पतसंस्था, क्रेडिट कार्ड, पुरवठादार, हातउसने, सोसायटीची थकबाकी, महापालिकेचा मालमत्ता कर, पाणीबिल, महावितरणचं बिल. कोणाकडे घर गहाण आहे, कोणाकडे फक्त सही आहे, कोणाकडे कोरे धनादेश आहेत हे समोर लिहा. कोणी लपवून ठेवलेलं देणं विक्रीपत्राच्या आठवड्यात बाहेर येणं हा सर्वांत महागडा प्रकार आहे.

बँकेची साठ दिवसांची नोटीस आली आहे. आता घर विकता येतं का?

येतं, पण बँकेच्या लेखी संमतीनेच. हप्ता ९० दिवसांवर थकला की खातं अनुत्पादक (एनपीए) ठरतं. त्यानंतर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याच्या, म्हणजे कोर्टात न जाता गहाण मालमत्तेतून वसुली करू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस देते. ती हातात पडल्यापासून गहाण मालमत्ता बँकेला न विचारता विकायला, भाड्याने द्यायला किंवा कोणाच्या नावावर करायला कलम १३(१३) मनाई करतं. संमती न घेता केलेला इसार नंतर तुमच्याच गळ्याशी येतो.

नोटिशीला लेखी हरकत घेता येते, आणि बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. हिशेबात चूक असेल तर ती इथेच दाखवा. ६० दिवस संपल्यावर बँक ताबा घेऊ शकते. बहुतेक वेळा आधी प्रतीकात्मक ताबा घेतला जातो, म्हणजे दारावर नोटीस चिकटते आणि दोन वर्तमानपत्रांत ती छापून येते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते.

खरी सीमारेषा पुढे आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर संपूर्ण देणं भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे घेऊन जाऊ, हा जुना समज डोक्यातून काढून टाका. बँकेच्या कारवाईत दोष असेल तर नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत अर्ज करता येतो. त्यावरचं अपील मुंबईच्या अपील न्यायाधिकरणाकडे जातं, आणि कर्जदाराला त्यासाठी देण्याच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. अपील न्यायाधिकरण ती २५ टक्क्यांपर्यंत उतरवू शकतं, त्याखाली नाही.

एकरकमी तडजोडीत बँक किती सूट देते?

एकरकमी तडजोड म्हणजे बँकेशी ठरवलेली रक्कम ठरल्या मुदतीत भरून कर्ज मिटवणं. सुटीची ठरलेली टक्केवारी नाही, आणि ती मागण्याचा हक्कही नाही. एकरकमी तडजोड कर्जदार हक्क म्हणून मागू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये एका सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केलं. मात्र रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या चौकटीप्रमाणे प्रत्येक बँकेचं, सहकारी बँकेचंही, तडजोडीबाबत संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण असावं लागतं. त्या धोरणात तुमचं खातं कुठे बसतं, हे शाखेत विचारा.

व्यवहारात बँक तीन गोष्टी पाहते: घराची आजची किंमत, लिलावात प्रत्यक्ष किती येईल, आणि तुम्ही किती दिवसांत पैसे आणाल. म्हणून प्रस्तावात विनवणी कमी आणि कागद जास्त ठेवा: नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, उत्पन्न घटल्याचे पुरावे, आणि शक्य असेल तर गिऱ्हाईकाचं खरेदीची तयारी दाखवणारं पत्र. 'सूट द्या' असं मोघम लिहू नका. '३६ लाख रुपये, त्यांपैकी १० टक्के मंजुरीनंतर सात दिवसांत, बाकी ९० दिवसांत घरविक्रीतून' असं लिहा. घराची किंमत देण्यापेक्षा बरीच जास्त असेल तर मुद्दलात सूट मिळण्याची आशा धरू नका. तिथे बोलणी दंड आणि व्याजावरच होतात.

मंजुरीपत्र आलं. त्यात काय पाहायचं?

हे पत्र घाईत सही करण्याचा कागद नाही. पुढच्या सगळ्या व्यवहाराचा पाया तोच आहे, तेव्हा ओळ न् ओळ वाचा.

पहिली तारीख. मुदत पत्राच्या तारखेपासून मोजायची की तुम्हाला पत्र मिळाल्यापासून, हे बघा. पत्र दहा दिवस टेबलावर पडून राहिलं असेल तर तेवढे दिवस तुमचे गेले. दुसरं कलम मुदत चुकल्यावर काय, याचं. बहुतेक पत्रांत लिहिलेलं असतं की एक दिवसही उशीर झाला तर तडजोड रद्द, सवलत परत, आणि भरलेली रक्कम थकबाकीत जमा. व्याजासह ३० किंवा ४५ दिवसांची मुदतवाढ आधीच लिहून घ्या, कारण शेवटच्या आठवड्यात मागितलेली वाढ शाखेला स्वतःच्या अधिकारात सहसा देता येत नाही.

जामीनदार आणि सहकर्जदार यांची नावं घालून ते मोकळे झाले असं वाक्य हवं. ते नसेल तर उरलेल्या रकमेसाठी भाऊजींच्या किंवा मित्राच्या पगारावर वसुली येऊ शकते, आणि तुम्ही ज्यांच्या शब्दावर कर्ज घेतलं त्यांनाच ती भरावी लागते. न्यायाधिकरणातला दावा, धनादेश न वटल्याच्या फौजदारी तक्रारी, वसुली दाखला यांचं काय होणार, कोण आणि किती दिवसांत मागे घेणार, हेही लिहिलेलं असावं. आणि एक संमतीचं वाक्य: 'कर्जदाराने सदर मालमत्ता खासगी विक्रीने विकून रक्कम भरण्यास बँकेची हरकत नाही.' या एका ओळीशिवाय गिऱ्हाईकाचा वकील व्यवहार पुढे जाऊ देत नाही.

इसार किती घ्यायचा, आणि इसारपत्रात काय लिहायचं?

इसार तडजोडीच्या पहिल्या भरण्याइतका घ्या, आणि तो थेट कर्जखात्यात जाऊ द्या. ३६ लाखांच्या तडजोडीत १० टक्के आधी भरायचे असतील तर ३ लाख ६० हजारांचा इसार गिऱ्हाईकाच्या खात्यातून बँकेच्या त्या खात्यावर आरटीजीएसने जावा. गिऱ्हाईकालाही पैसे कुठे गेले ते दिसतं.

इसारपत्रात बोजा उघड लिहा: बँकेचं नाव, खाते क्रमांक, मंजुरीपत्राची तारीख आणि शेवटची तारीख. गिऱ्हाईकाची मुदत बँकेच्या मुदतीपेक्षा किमान १५ दिवस आधी संपवा. गिऱ्हाईक मागे फिरला तर इसार जप्त, आणि बँकेने तडजोड नाकारली तर इसार बिनव्याजी परत, या दोन्ही बाजू नोंदवा. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याला चालत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. अडचणीतल्या माणसाला 'थोडे रोखीत घ्या' असं म्हणणारे भेटतातच. तडजोडीत रोखीचा काही उपयोगही नाही, कारण बँकेला पांढरेच पैसे लागतात.

नव्वद दिवस पुरतात का?

कर्ज काढून घेणारा गिऱ्हाईक असेल तर जेमतेम. पहिले दोन आठवडे वकिलाचा सर्च, म्हणजे तीस वर्षांच्या मालकी नोंदींचा शोध, आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस. पुढचे तीन ते पाच आठवडे गिऱ्हाईकाच्या बँकेची मंजुरी: पगारपत्रकं, मूल्यांकन, कायदेशीर अहवाल. मग ना-हरकतींचे दोन आठवडे. सगळं सुरळीत चाललं तरी नववा आठवडा उजाडतो, आणि नागपूर सुधार प्रन्यासची, म्हणजे नासुप्रची, परवानगी लागणार असेल तर हिशेब कोलमडतो. म्हणून आखीव पत्रिका (शहरातल्या जागेच्या मालकीचा उतारा), आरएल (ले-आउटच्या प्लॉटचं नियमितीकरणाचं पत्र), कर पावत्या, सोसायटीची ना-हरकत ही कामं मंजुरीपत्राची वाट न पाहता, प्रस्ताव देतानाच सुरू करा. पैसे भरण्याची मुदत तीन महिन्यांपलीकडे गेली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ते प्रकरण पुनर्रचना ठरतं, त्यामुळे बँका ९० दिवसांवर अडून बसतात.

गिऱ्हाईकाची बँक म्हणते आधी मूळ कागद द्या, माझी बँक म्हणते आधी पैसे द्या. आता?

ही गाठ रोज सुटते, फक्त क्रम पाळावा लागतो. तुमच्या बँकेकडून तीन कागद घ्या: ठराविक तारखेपर्यंतची फेडरक्कम सांगणारं फोरक्लोजर पत्र, ताब्यातल्या मूळ दस्तांची यादी, आणि 'ही रक्कम मिळताच मूळ दस्त अमुक बँकेच्या प्रतिनिधीकडे सुपूर्द करू' असं हमीपत्र. गिऱ्हाईकाची बँक त्यावर तुमच्या कर्जखात्याच्या नावाने डिमांड ड्राफ्ट काढते. ड्राफ्टवर तुमचं वैयक्तिक नाव नको, 'बँकेचं नाव, कर्जखाते क्रमांक अमुक' असंच हवं.

ठरलेल्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात तुम्ही, गिऱ्हाईक, दोन साक्षीदार आणि दोन्ही बँकांचे प्रतिनिधी. आधी विक्रीपत्राची नोंदणी, त्याच बैठकीत ड्राफ्टची देवघेव, आणि पोचपावतीवर वेळेसकट सही. मूळ दस्त बहुधा त्या दिवशी मिळत नाहीत, ते बँकेच्या केंद्रीय भांडारातून येतात. म्हणून ते घेण्याचं अधिकारपत्र त्याच वेळी गिऱ्हाईकाच्या बँकेच्या नावाने द्या. गहाणखत नोंदणीकृत असेल तर गहाणमुक्तीचा दस्तही नोंदवावा लागतो. फक्त दस्त ठेव करून गहाण असेल तर बँकेचं बोजा संपल्याचं पत्र आणि सेरसाई, म्हणजे गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतली, नोंद कमी करणं पुरतं.

आकडेमोड एकदा पूर्ण दाखवाल का?

समजा मनीषनगरातला फ्लॅट २०१२-१३ मध्ये नोंदणी खर्चासह ३० लाखांना घेतला होता आणि २०२५-२६ मध्ये ५४ लाखांना विकला. किंमत ५० लाख किंवा जास्त असल्याने गिऱ्हाईक १ टक्का आयकर कापतो, म्हणजे ५४ हजार. ते तुमच्या पॅनवर जमा होतात, पण त्या दिवशी हातात येत नाहीत. उरले ५३ लाख ४६ हजार. बँकेची तडजोड ३६ लाख, सोसायटी व महापालिकेची थकबाकी ८५ हजार, दलाली १ टक्का धरून ५४ हजार, पतसंस्थेचे ७ लाख. हाती राहतात ९ लाख ७ हजार. पुरवठादाराचे ४ लाख आणि क्रेडिट कार्डाचे २ लाख ८० हजार दिले की भाड्याच्या घराच्या डिपॉझिटला आणि सामान हलवायला २ लाख २७ हजार उरतात.

इथे एक धोका पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर कपात १ ऐवजी २० टक्के होते. ५४ लाखांवर ते १० लाख ८० हजार. एवढा खड्डा पडला तर पतसंस्था आणि पुरवठादार दोघांचे पैसे अडकतात. पॅनची स्थिती इसाराआधीच तपासा.

सगळे पैसे बँकेत गेले, तरी भांडवली नफ्यावर कर का?

कारण विक्री तुमची आहे. स्वतः घेतलेल्या कर्जाची फेड नफ्यातून वजा होत नाही. वारसाने मिळालेल्या घरावर आधीच्या मालकाने केलेलं गहाण तुम्ही फेडलं तर ती रक्कम वजा धरता येते. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केला आहे.

वरच्या उदाहरणात तरी कर शून्य येतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला दोन रीतींपैकी कमी कराची रीत मिळते: महागाई निर्देशांकाविना १२.५ टक्के, किंवा निर्देशांकासह २० टक्के. २०१२-१३ चा निर्देशांक २०० आणि २०२५-२६ चा ३७६. ३० लाखांची खरेदी ५६ लाख ४० हजार धरली जाते, ती विक्रीपेक्षा जास्त, म्हणून नफाच उरत नाही. विवरणपत्र भरलं की कापलेले ५४ हजार परत मिळवण्याचा मार्ग खुला होतो, अर्थात तुमचं बाकी उत्पन्न पाहून. घाईत रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराच्या, खूप खाली विकू नका. रेकनरची किंमत विक्रीच्या ११० टक्क्यांहून जास्त असेल तर नफा रेकनरवर मोजला जातो.

नागपुरात कोणते कागद अडवतात?

महाल-इतवारीतलं जुनं घर आणि बेसा-मानेवाड्याचा ले-आउट यांची दुखणी वेगळी.

शहर हद्दीत आखीव पत्रिका नगर भूमापन कार्यालयातून ताजी काढा. तिच्यावर मयत वडिलांचं नाव तसंच असेल तर आधी वारस नोंद. कर्ज फिटूनही जुन्या बँकेचा बोजा पत्रिकेवर राहिलेला दिसतो. तोही पत्र देऊन कमी करून घ्यावा लागतो.

नासुप्रच्या भाडेपट्ट्याच्या प्लॉटवर हस्तांतरणाची परवानगी आणि भूभाड्याची थकबाकी पाहा. पट्ट्याची मुदत संपली असेल तर नूतनीकरणाशिवाय गिऱ्हाईकाची बँक पुढे येत नाही. गुंठेवारी ले-आउटच्या प्लॉटला नियमितीकरणाचं पत्र, ज्याला सगळे आरएल म्हणतात, ते मूळ हवं. डिमांड, म्हणजे मागितलेलं शुल्क, भरल्याची पावती म्हणजे आरएल नाही. नझूल, म्हणजे शहरातल्या सरकारी, जमिनीवर पट्टा, शर्तभंग आणि परवानगी यांची तपासणी सगळ्यात आधी करा, कारण तिथे लागणारे महिने कोणत्याच तडजोडीच्या मुदतीत मावत नाहीत. मंजूर नकाशापेक्षा वर चढवलेला मजला असेल तर गिऱ्हाईकाचा मूल्यांकक तेवढी किंमत धरत नाही. तो धक्का शेवटी बसण्यापेक्षा आधी स्वतःच नकाशा जुळवून बघा.

पतसंस्था, पुरवठादार, क्रेडिट कार्ड यांना एकत्र बांधणारी तडजोड होते का?

होते, आणि याविषयी फार कमी लोकांना माहिती आहे. कंपनीच्या कर्जाला तुम्ही वैयक्तिक हमी दिली असेल तर २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेखाली, १ डिसेंबर २०१९ पासून, परतफेड योजना मांडता येते. ती मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे जाते, आणि मतदान करणाऱ्या धनकोंपैकी रकमेने तीन चतुर्थांशाहून जास्त धनकोंनी होकार द्यावा लागतो. साध्या कर्जदाराला संहितेतला तो भाग लागू केलेला नाही. त्याच्यासाठी अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि नागपूरचं जिल्हा न्यायालय आहे. न्यायालयाने नादार, म्हणजे देणी फेडू न शकणारा, ठरवल्यानंतर कलम ३८ खाली तडजोडीचा प्रस्ताव देता येतो. हजर धनकोंपैकी संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश, दोन्ही लागतात. न्यायालयाने मंजूर केला की नाराज धनकोही त्याला बांधील. कर्जदाराच्या वागण्यात दोष आढळला तर रुपयाला किमान सहा आणे, म्हणजे साडेसदतीस पैसे, देण्याची हमी मागितली जाते. कायद्यात आकडा अजून आण्यांतच आहे.

पण घर गहाण असलेल्या बँकेचा हक्क या कायद्याने थांबत नाही. म्हणून आधी बँकेशी तडजोड करा. न्यायालयाचा रस्ता वेळ घेतो. धनको पाच-सात असतील आणि बोलायला तयार असतील तर सगळ्यांचा एकच लेखी करार, सगळ्यांना समान टक्का, आणि पैसे देताच प्रत्येकाकडून ना-देय दाखला व कोरे धनादेश परत, हाच मार्ग आम्हाला जास्त माणुसकीचा वाटतो. प्रकरण न्यायालयात असेल तर लोकअदालतीत तडजोड नोंदवा. तिच्या निवाड्यावर अपील नाही आणि कोर्ट फी परत मिळते. विनापरवाना सावकार घर लिहून घेऊन बसला असेल तर त्याच्याशी तडजोड करण्याआधी जिल्हा उपनिबंधकांकडे २०१४ च्या सावकारी कायद्याखाली अर्ज करा.

तोवर घर बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करून ठेवलं तर?

करू नका. धनकोंना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण रद्द होतं. नादारीचा अर्ज हस्तांतरणानंतर दोन वर्षांत दाखल झाला असेल तर बक्षीसपत्र उलटवता येतं. एका धनकोला मुद्दाम आधी भागवलं असेल तर अर्जाआधीच्या तीन महिन्यांपर्यंतचं तेही उलटतं. शिवाय बँकेसमोर तुमचा शब्द कायमचा जातो.

लिलाव झालाच तर?

लिलावाची नोटीस आणि लिलाव यांत किमान ३० दिवसांचं अंतर लागतं, पहिला लिलाव फसला तर पुढच्याला १५ दिवस. लिलाव घेणारा त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी २५ टक्के भरतो. देणं फिटून रक्कम उरली तर ती तुमची आहे, लेखी मागा. कमी पडली तर उरलेल्या रकमेसाठी बँक तुमच्यावर आणि जामीनदारांवर पुन्हा येऊ शकते.

पतमानांकनावर काय नोंद होते?

पूर्ण फेडलं तर खातं 'क्लोज्ड', सूट घेतली तर 'सेटल्ड'. दुसरी नोंद काही वर्षं दिसत राहते. शेती सोडून इतर कर्जांत, तडजोड करणारी बँक स्वतः किमान १२ महिने नवं कर्ज देत नाही.

पैसे भरून दोन महिने झाले, मूळ कागद मिळाले नाहीत.

१ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेड किंवा तडजोड झाल्यावर ३० दिवसांत मूळ दस्त परत देणं आणि बोजा काढणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. दस्त हरवले असतील तर बँकेला आणखी ३० दिवस मिळतात, पण नक्कल काढण्याचा खर्च तिचाच. शाखेत पोच घेऊन अर्ज द्या, त्यात पैसे भरल्याची तारीख आणि आजवरचे दिवस मोजून लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करा, फी नाही. गिऱ्हाईकाच्या बँकेलाही या अर्जाची प्रत पाठवा, म्हणजे ती तुमच्याकडून खुलासे मागत बसणार नाही.